पुस्तक भिशी, पहिला नंबर : कामाच्या नोंदी

९ जानेवारी २०२५, गुरुवार

सत्तावीस वर्षं आरोग्य उपकेंद्राची रजिस्टरं भरली, त्यामुळे तारीख टाकल्याशिवाय हात चालत नाही. पुस्तकाचं कामही म्हणून नोंदवहीतच.

आजची स्थिती : पेठ तालुक्यातल्या नोकरीवरचे चौदा लेख पूर्ण, दोन अर्धे. सगळं फुलस्केपवर. भाचीने मोबाईलवर टाइप करून दिलंय. मुलाला पाठवलं. "आई, मस्त!" असं उत्तर आलं. वाचलेलं नाही, हे उत्तराच्या वेगावरूनच कळलं.

गुरुवारी नाशिकला मॅडमच्या घरी, इंदिरानगरला, आम्ही सहा जण जमतो. मॅडम (कॉलेजात शिकवतात, कादंबरी तयार), पंचवटीच्या वहिनी (मुलांसाठी गोष्टी), रिक्षावाले भाऊ (सिन्नरकडच्या आठवणी), सातपूरचा पोरगा (कारखान्यात सीएनसी मशीनवर काम, कविता), काका (चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, आता स्वतःचं लिहितायत पण दाखवत नाहीत) आणि मी. मला सगळे सिस्टरच म्हणतात.

पोरगा साहित्य संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाचा विचार करतोय. पहिल्याच पुस्तकाला मिळतं ते, आणि पुस्तक आधी छापलेलं चालत नाही. मलाही म्हणाला, करा अर्ज. दोन लेख अर्धे असताना कसला अर्ज!

२३ जानेवारी

पुस्तकं काढून देणाऱ्या एकांना परवा सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी फाइल पाठवली. साडेअकराला फोन. "मॅडम, तुमचं लेखन काळजाला भिडलं." एकशे चाळीस पानं, वीस मिनिटं.

पॅकेज ४८,००० रुपये. ५०० प्रती छापणार, त्यातल्या १०० मला. वर प्रकाशन समारंभ आणि ट्रॉफी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे २,५०० वेगळे.

खरं लिहायचं तर दोन दिवस हवेत होते. इतकी वर्षं कुणी काळजाबिळजाचं बोललं नव्हतं. आज संध्याकाळी मॅडमनी एकच विचारलं, "उरलेल्या चारशे प्रती कुठे जाणार?" मी फोन करून तेच विचारलं. ते म्हणाले, वितरणात. वितरण कुठे, तर सगळीकडे. फोन ठेवला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन आमच्याच वारी आला, म्हणून बैठक कुसुमाग्रज स्मारकात. गर्दी भरपूर, शाळेची पोरं रांगेत. बाहेर चहाला उभे असताना काकांनी 'विशाखा'ची गोष्ट काढली. १९४२ साली तो संग्रह वि. स. खांडेकरांनी पदरचे पैसे घालून काढला. शिरवाडकर तेव्हा तिशीचे. ज्याने पैसे घातले त्याला १९७४चं ज्ञानपीठ, आणि ज्याच्यासाठी घातले त्याला १९८७चं.

पोरगा म्हणाला, "आपल्याला कुठून मिळायचे खांडेकर?"

वहिनी त्यांच्या गल्लीतल्या बायकांची भिशी चालवतात. त्यांनी कप खाली ठेवला नि म्हणाल्या, "खांडेकर मिळत नाहीत ना, मग भिशी लावा."

सगळे हसले. पण त्या हसत नव्हत्या. तिथेच पोरग्याच्या मोबाईलवर नियम लिहून काढले :

महिना हजार, सहा जण. पाच महिन्यांचे तीस हजार झाले की एकाचं पुस्तक. चिठ्ठी मात्र पैसे जमल्यावर नाही, सुरुवातीलाच काढायची, म्हणजे नंबर लागलेल्याला तयारीला पाच महिने मिळतात. पाचव्या महिन्यात मजकूर छापायला तयार नसेल तर पैसे पुढच्याला आणि याची चिठ्ठी परत डब्यात. आपलं पुस्तक निघालं म्हणून हप्ता थांबत नाही, तीस महिने भरायचाच.

शेवटचा नियम काकांचा. कुणी काही वाचून दाखवलं की नुसतं 'छान' म्हणणाऱ्याला दहा रुपये दंड, चहाच्या डब्यात.

६ मार्च

मसाल्याच्या डब्यातली मोहरीची वाटी रिकामी करून तीत सहा चिठ्ठ्या. वहिनींच्या नातीने काढली.

माझी निघाली.

मॅडमची कादंबरी दोन वर्षं तयार आहे. सगळ्यांच्या मनात तीच होती, माझ्याही. मी म्हटलं, तुम्ही घ्या, माझे दोन लेख व्हायचेत. त्या म्हणाल्या, "सिस्टर, भिशीत असं चालत नाही." घरी येईपर्यंत पोटात गोळा. गेली तीन वर्षं 'लिहून झालं की बघू' म्हणत होते. आता जुलै.

२० मार्च

आजची नोंद सविस्तर करते.

पुराच्या रात्रीचा लेख वाचला. पहिलटकरीण, कळा सुरू, नाल्याला पाणी, जीप पलीकडे अडकलेली. शेवटी बांबूला घोंगडीची झोळी बांधून चार जणांनी तिला वरच्या अंगाने नेलं. माझा सगळ्यात आवडता लेख. तीन पानं. वाचून झाल्यावर कुणी काही बोलेना. पोरग्याने मुकाट्याने दहा रुपये डब्यात टाकले नि म्हणाला, "छान."

मग रिक्षावाले भाऊ म्हणाले, "सिस्टर, तुम्ही कुठंय यात?"

मी म्हटलं, मीच तर सांगतेय.

"नाही. यात जीप आहे, नाला आहे, 'रुग्णास पुढील उपचारांसाठी संदर्भित करण्यात आले' असं आहे. हे तुम्ही साहेबाला लिहिलंय. आम्हाला नाही."

राग आला. रिक्षा चालवणाऱ्याने मला शिकवावं, असंही क्षणभर मनात आलं, तेही लिहून ठेवते. पर्स उचलून निघाले असते, पण काकांनी चहा पुढे केला. म्हणाले, "दुसऱ्या पानावर 'जीपची वाट पाहिली' असं एकच वाक्य आहे. किती वेळ पाहिली?"

दोन तास.

आणि त्या दोन तासांत म्हातारी सुईण मला तिच्या कोकणीत, म्हणजे पेठकडच्या आदिवासी बोलीत, सारखी सांगत होती की बाई, हिला आत्ता उचल. मी ऐकलं नव्हतं. मी ट्रेनिंग घेतलेली, ती अंगठेबहाद्दर. आई-बाळ दोन्ही वाचले म्हणून कुणी विचारलं नाही, रजिस्टरमध्ये वेळेचा रकानाही मीच भरला होता. लेख लिहिताना ते दोन तास एका वाक्यात घातले ते मला खरंच कळलं नव्हतं. कागदावरून बोट फिरवत काका तिथे येऊन थांबले तेव्हा कळलं.

रिक्षावाले भाऊच मला सिडकोपर्यंत सोडायला आले. वाटेत दोघंही गप्प. उतरताना म्हणाले, "म्हातारीचं लिहा." भाडं घेतलं नाही.

११ एप्रिल

पुराचा लेख नऊ पानांचा झाला. म्हातारी पहिल्याच ओळीत आली.

आज भाचीला बसवून आयएसबीएनचा अर्ज भरला. हा तेरा आकडी क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते, स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यालाही देते, आणि एक रुपया घेत नाही. पॅकेजवाल्यांचे २,५०० आठवले. प्रकाशक या रकान्यात माझंच नाव लिहिताना भाची म्हणाली, "मावशी, तू आता कंपनी झालीस."

८ मे

मॅडमनी पेपरचं कात्रण आणलंय. छापील पुस्तकं स्वस्तात रजिस्टर करून पाठवायची पोस्टाची जुनी सोय डिसेंबरात बंद झाली, तेव्हापासून काका चिडलेले होते. पन्नास रुपयांच्या पुस्तकाला पन्नास रुपये टपाल, मग खेड्यात पुस्तक मागवणार कोण, हे त्यांचं पालुपद. आता १ मेपासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १००, वर कर. ट्रॅकिंगही आहे. जातं जमिनीवरून, म्हणजे सावकाश. अट अशी की पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं.

काकांनी कात्रण दोनदा वाचलं. घडी करून खिशात ठेवलं. बोलले काहीच नाहीत, म्हणजे खूश आहेत.

१२ जून

सोळावा लेखही संपवला. अक्षरजुळणी झाली. १४४ पानं, डेमी आकार, म्हणजे सोळा पानांचे बरोबर नऊ फॉर्मे. पानाला ३५ रुपये दर, ५,०४०.

पीडीएफ उघडली आणि घाम फुटला. आमची फाइल युनिकोडमध्ये, त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलताना सगळे रफार एक घर सरकलेले. 'दुर्गम'चं 'दुगर्म'. 'सर्व'चं 'सवर्'. आणि नर्सच्या पुस्तकात जो शब्द चुकून चालणारच नाही, तो 'गर्भवती' : पुस्तकभर 'गभर्वती'. भाचीने मोजले, एकसष्ट ठिकाणी.

अक्षरजुळणीवाला म्हणाला, फाइंड-रिप्लेस मारतो. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. "मारा. पण मग 'गर्भ' वेगळा आलाय तिथे काय करणार? माणसाने वाचायला लागतं राजा."

२६ जून

काकांकडे प्रुफं. त्यांची पद्धत अशी : ते मूळ मजकूर मोठ्याने वाचतात, विरामचिन्हांसकट. मी प्रुफावर प्रत्येक ओळीखाली लाकडी फूटपट्टी सरकवत जायचं. "म्हातारी म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू बाई स्वल्पविराम हिला आत्ता उचल पूर्णविराम अवतरण बंद." फूटपट्टीवर सेंटिमीटरचे आकडे पुसून गेलेत, नुसती घासलेली कड उरलीय. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे तेव्हापासूनची आहे म्हणतात.

पहिल्या तासाला हसू येत होतं. तिसऱ्या तासाला माझंच वाक्य असं तुकड्यातुकड्यांनी ऐकताना कळत गेलं की कुठे फुकट लांबण लावलीय. एका परिच्छेदात अकरा स्वल्पविराम. काका थांबले, चष्म्यावरून पाहिलं, "दम लागला." तो परिच्छेद तिथेच अर्धा केला.

पैसे विचारले. "भिशीत धरा," म्हणाले. भिशीत कसे धरायचे ते सांगितलं नाही.

मधेच उठून त्यांनी डोळ्यांवर पाणी मारलं. डाव्या डोळ्याने दिवे फुटल्यासारखे दिसतात म्हणे. मी टॉर्च मारून पाहिलं. मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. दिवाळीनंतर बघू, म्हणाले. हे 'बघू' मला ओळखीचं आहे.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. वहिनींनी तीस हजार मोजून दिले, रबर लावून, शंभराच्या दोन गड्ड्यांसह. हिशेब :

छपाई ३०० प्रती, प्रत्येकी ८२, म्हणजे २४,६००. अक्षरजुळणी ५,०४०. मुखपृष्ठ २,५००. एकूण ३२,१४०. वरचे २,१४० माझे. एक प्रत साधारण १०७ रुपयांना पडली. किंमत २२० ठेवली.

पोरग्याने एका पाकिटात कागदाचे नमुने आणले होते. कंपनीतून सुटून अंबडच्या छापखान्यात गेला होता. पांढऱ्याफटक कागदापेक्षा ७० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) पिवळसर बरा, वयस्क माणसांच्या डोळ्यांना त्रास होत नाही, असं तो म्हणाला. कवी माणूस, पण मायक्रोमीटर लावून जाडी मोजून आला होता.

१४ ऑगस्ट

पुस्तकं आली! भाऊंच्या रिक्षातून, मागच्या सीटवर, ताडपत्रीत. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणलेत, प्रत्येक खड्ड्याला ते मागे वळून गठ्ठ्यांकडे बघत होते. बाळंतीण आणल्यासारखी आणली.

१७ ऑगस्ट

गॅलरीच्या खिडकीखाली ठेवलेला खालचा गठ्ठा भिजला. बारा प्रती. खिडकी मीच उघडी टाकली होती. पंख्याखाली पानं उलटी करून वाळवली, पण फुगली ती फुगलीच. विकता येणार नाहीत.

४ सप्टेंबर

गौरी-गणपती आटोपून, पितृपक्षाच्या आत प्रकाशन. मुलाचं म्हणणं होतं, हॉल घेऊ, कुणीतरी मोठे पाहुणे, शाल, श्रीफळ. खर्च काढला तर १८,००० च्या पुढे. म्हणजे भिशीचे तीन हप्ते, सगळ्यांचे मिळून. मॅडमच्या हॉलमध्येच केलं. मिसळ, पाव, ताक. चाळीसेक माणसं, त्यातल्या दोन माझ्याबरोबर नोकरीला होत्या.

भाऊंनी पुराच्या लेखातलं एक पान वाचलं. सुईणीचं बोलणं त्यांनी असं वाचलं की पेठकडच्या एक सिस्टर पदराने डोळे पुसत होत्या. त्या रात्रीच्या नाहीत त्या, पण अशी रात्र प्रत्येकीची एक असते.

चौदा प्रती गेल्या, सवलतीत २०० ला. वहिनी गल्ल्यावर बसल्या होत्या आणि कुणालाही उधार दिलं नाही. मला ओशाळं झालं, त्यांना नाही.

१८ सप्टेंबर

चार प्रती कायद्याच्या. १९५४च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते, निघाल्यापासून तीस दिवसांत. घरी निघालेली पुस्तकं हे करत नाहीत बहुतेक, काका म्हणाले, आणि मग पन्नास वर्षांनी कुणी शोधायला गेलं तर पुस्तक नसतंच.

दोन प्रती सार्वजनिक वाचनालयाला, आपल्या सावानात. १८४०ची संस्था. लहानपणी वडिलांबरोबर जायचे तेव्हा बालविभागातून पुढे जाऊ देत नसत.

पोस्टात वजन : पुस्तक १७५ ग्रॅम, पाकिटासह २००च्या आत. 'ज्ञान पोस्ट' म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलीने श्रेयनामावलीचं पान उघडून प्रकाशकाचं नाव पाहिलं. मग कव्हर पाहिलं. मग परत आतलं पान. "दोन्ही तुम्हीच?" म्हटलं, हो. तिने एक प्रत विकत मागितली, तिच्या आजीसाठी.

२५ सप्टेंबर

सुरगाण्याकडच्या एका आशाताईंचा फोन. आमच्या सिस्टर लोकांच्या ग्रुपवर मुखपृष्ठ फिरलं होतं. "ताई, आम्हा पंचवीस जणींना पाहिजे. वर्गणी काढलीय." पंचवीस प्रतींचं वजन ४ किलो ३७५ ग्रॅम, बांधणीसह पाच किलोच्या आत बसवायला भाऊ आणि मी अर्धा तास खटपट केली. खोका जड होता, मग जुन्या साडीत गुंडाळून वर प्लॅस्टिक. शंभर रुपये आणि कर, सुरगाणा.

फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "यात मोबाईलला रेंज नसते ते लिहिलंय का? नसंल तर पुढच्यात लिहा." पुढच्यात!

१६ ऑक्टोबर

दुकानाचा अनुभव. चाळीस टक्के कमिशन, पैसे विकल्यावर. म्हणजे २२० मधले १३२ माझे. तक्रार नाही, जागेचं भाडं त्यांनाही आहे. दहा प्रती ठेवल्या. महिन्याने गेले तर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांखाली दबलेल्या. तीन विकल्या होत्या. कशा विकल्या असतील याचंच आश्चर्य. उरलेल्या सात वर काढून ठेवून आले.

ओझरजवळ दहाव्या मैलाला आजींचं पुस्तकांचं हॉटेल आहे, तिथे बारा भिजक्यांपैकी जरा बरी एक ठेवावी असं वहिनी म्हणाल्या. हॉटेलात बशीचं पाणी सांडतंच, एक फुगलेलं पुस्तक तिथे शोभून दिसेल. जायचंय.

६ नोव्हेंबर

काकांचा डोळा झाला. दिवाळी संपताच मीच हात धरून नेलं. पोरग्याने दोन दिवस नाइट शिफ्ट बदलून घेतली. ड्रॉप दिवसातून चार वेळा. त्यांच्या सूनबाईंना जमतं, पण काका पापणी मिटतात. मी घालते तेव्हा मिटत नाहीत. नर्सचा आवाज लागतो त्याला.

ऑगस्टच्या चिठ्ठीत दुसरा नंबर पोरग्याचा लागलाय. अनुदानाचा अर्ज शेवटी केलाच नाही. कविता चौसष्ट. काकांना पाच-सहा आठवडे वाचनाचा ताण नको, आणि पोरग्याची प्रुफं डिसेंबरात हवीत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शिल्लक. छापल्या ३००. भिजल्या १२, भेट आणि कायद्याच्या मिळून २०. थेट विक्री ९५, सगळ्या २०० नेच (समारंभात १४, सुरगाण्याला दोनदा पंचवीस, टपालाने आणि हातोहात ३१). दुकानात १०, त्यातल्या तीन विकल्या. घरात १६३. जमा १९,३९६. तोटा अजून आहे. भिशीचा नववा हप्ता भरला.

नेहमीप्रमाणे काकांकडे. आज वाचणारी मी. फूटपट्टी पोरग्याच्या हातात. काका आरामखुर्चीत, डोळ्यावर हिरवी पट्टी, नुसते ऐकत. कवितेत विरामचिन्हं कमी, म्हणून मला वाटलं भराभर होईल. चौथ्याच ओळीला काकांनी हात वर केला.

"सिस्टरबाई, ओळ कुठे तुटली ते तुम्ही म्हणाला नाहीत."

पहिल्यापासून परत सुरू केलं. "पाळी सुटते ओळ तुटली मशीन गरम असतं ओळ तुटली." पोरगा पट्टी सरकवायची विसरून माझ्या तोंडाकडे बघत बसला. साडेआठला ड्रॉपची वेळ झाली तेव्हा अकरा कविता झाल्या होत्या.